न दिसणाऱ्या ग्रहाचे मोजमाप कसे होते?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचा आहे. सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती गुरूएवढा ग्रह फिरतो आणि त्याची एक प्रदक्षिणा अवघ्या चार दिवसांत पूर्ण होते, असे त्यांनी वर्गात सांगितले. त्यावर मुलांनी विचारले की, जो ग्रह कोणी पाहिलेलाच नाही त्याचे वजन आणि आकार शास्त्रज्ञांना कुठून कळले? गावातील एका जाणत्या गृहस्थांनी तर हे सारे अंदाजपंचे असते असेच मुलांना सांगून टाकले. मुलांना काय उत्तर द्यावे, आणि यातले काही गावातून करून दाखवता येईल का, असे त्या विचारतात.

मॅडम, आपल्या विद्यार्थ्यांची शंका रास्त आहे आणि ‘शास्त्रज्ञ सांगतात म्हणून’ असे उत्तर देऊन तिची बोळवण करता येणार नाही. मी तालुक्याच्या महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, आणि त्याच काळात शेतातल्या दुर्बिणीवरून रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या तेजाची मोजमापे घेत आलो. पुढे त्याच दुर्बिणीने परक्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची अधिक्रमणेही (ग्रहाने आपल्या ताऱ्यासमोरून जाणे) नोंदवू लागलो. त्या कामाच्या आधारे सांगतो की हा अंदाज नाही. ग्रह दिसत नाही हे खरे आहे, परंतु ग्रहामुळे त्याच्या ताऱ्यात जे बदल होतात ते मोजता येतात, पुन्हा पुन्हा मोजता येतात, दुसऱ्या कोणी दुसऱ्या ठिकाणाहून मोजले तरी तेच उत्तर येते, आणि त्यांतला एक बदल तर आपल्या गावच्या शिवारातून विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येण्यासारखा आहे.

आपण वर्गात सांगितलेला ग्रह बहुधा ५१ पेगासी या ताऱ्याचा असावा. तो तारा कुठे आहे हे आधी मुलांना दाखवावे. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊच्या आगेमागे डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे आपली पूर्वाभाद्रपदा आणि पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तराभाद्रपदा. पूर्वाभाद्रपदेच्या मार्काब आणि शीट या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध, परंतु त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित पश्चिमेला, म्हणजे चौकोनाच्या जरा बाहेर, साडेपाचव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एक मंद तारा आहे. तोच ५१ पेगासी. शहरातून तो दिसण्याची आशा धरू नये, पण अमावस्येच्या जवळपासच्या रात्री, दिव्यांपासून दूर शेतात, डोळे अंधाराला पुरते सरावल्यावर तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातील विषुववृत्तापासूनचे अंतर, जवळपास २१ अंश उत्तर आहे, त्यामुळे अकोला, अमरावती, वर्धा, यवतमाळ या साऱ्या पट्ट्यात तो अगदी डोक्यावरून जातो. त्याचे अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे आहे आणि तो बराचसा आपल्या सूर्यासारखा, वस्तुमानाने थोडासा जास्त असा तारा आहे.

या ताऱ्याचा ग्रह १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी शोधला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती निश्चितपणे सापडलेला हा पहिला ग्रह, आणि त्याबद्दल दोघांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. दक्षिण फ्रान्समधील ओत प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटरच्या दुर्बिणीला त्यांनी एलोडी नावाचा वर्णपटमापी (प्रकाश रंगांत पसरवून मोजणारे यंत्र) जोडला होता. त्यांनी ग्रहाकडे नव्हे, ताऱ्याच्या हालचालीकडे लक्ष दिले.

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण नेमके बोलायचे तर ग्रह आणि तारा दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. सूर्याचे वस्तुमान गुरूच्या १,०४७ पट आहे, त्यामुळे हा मध्य सूर्याच्या केंद्रापासून सुमारे ७ लाख ४० हजार किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम बाहेर पडतो. गुरूची एक प्रदक्षिणा होते त्या सुमारे १२ वर्षांत सूर्यही या बिंदूभोवती एक लहानसा फेरा घालतो. त्या फेऱ्यात सूर्याचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असतो. गावच्या रस्त्यावरून मोटारसायकल जाते तेवढाच. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग मात्र सेकंदाला अवघा ९ सेंटिमीटर आहे. परका ग्रह शोधायचा म्हणजे शेकडो लाख कोटी किलोमीटर दूरच्या तळपत्या वायुगोलाचा एवढा वेग मोजायचा.

तो मोजता येतो वर्णपटामुळे. ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवला की त्यात हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात. लोह, सोडियम, कॅल्शियम अशी मूलद्रव्ये ताऱ्याच्या वातावरणात ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्यांच्या या खुणा असतात. तारा आपल्याकडे येत असला तर साऱ्या रेषा निळ्या बाजूकडे सरकतात आणि दूर जात असला तर तांबड्या बाजूकडे. ५१ पेगासीचा वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटरने कमीजास्त होत होता. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असल्याने रेषेची तरंगलांबी यामुळे साधारण त्रेपन्न लाखांत एका भागाने बदलते. एका रेषेवरून हे मोजणे अशक्यच होते, म्हणून एलोडीत हजारो रेषा एकत्र जुळवून एकच सरासरी वेग काढला जाई, आणि ताऱ्याच्या प्रकाशासोबतच थोरियमच्या दिव्याचा प्रकाश यंत्रात सोडून यंत्र स्वतः किती सरकले याचा हिशेब त्याच क्षणी ठेवला जाई. मुलांना हा दुसरा भाग जरूर सांगावा. मोजमापाची विश्वासार्हता बहुतेक वेळा यंत्राच्या चुकीवर कोण कसे लक्ष ठेवतो यातूनच येते.

वेगाचे हे आकडे तारखांसमोर मांडल्यावर एक सुबक चढउताराचा आलेख मिळाला, आणि तो दर ४.२३ दिवसांनी जसाच्या तसा पुन्हा येत होता. येथून पुढचे गणित आपल्या फळ्यावर होऊ शकते. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार, तारा सूर्याएवढ्याच वस्तुमानाचा धरला तर, वर्षांत मोजलेल्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्य-पृथ्वी अंतराच्या एककात मोजलेल्या अंतराच्या घनाएवढा असतो. आधी गुरूवर पडताळा घ्यावा: ११.८६ चा वर्ग सुमारे १४०.७ आणि ५.२ चा घन सुमारे १४०.६. आता ४.२३ दिवस म्हणजे ०.०११६ वर्ष, त्याचा वर्ग सुमारे ०.०००१३४ आणि त्याचे घनमूळ सुमारे ०.०५१. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून सुमारे ७७ लाख किलोमीटरवर असला पाहिजे. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याहून किंचित जास्त धरले की हा आकडा ७८ लाखांपर्यंत जातो. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटरवर आहे. त्याच्याही सातव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर हा महाकाय ग्रह फिरतो, आणि म्हणूनच त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असावे असा हिशेब निघतो. अंतर कळले, ताऱ्याचे वस्तुमान त्याच्या तेजावरून आणि वर्णपटावरून कळले, ताऱ्याचा वेग मोजला. या तिन्हींवरून ग्रहाचे वस्तुमान येते, आणि ते गुरूच्या साधारण निम्मे आहे.

येथे एक दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते. ५१ पेगासीच्या ग्रहाला ‘गुरूएवढा’ म्हणताना आकार अभिप्रेत असेल तर ते विधान मोजमापावर आधारलेले नाही. मोजले गेले ते वस्तुमान, आणि तेही किमान वस्तुमान. कारण वर्णपटातून फक्त आपल्या दिशेने होणारी ये-जा कळते; आडवी हालचाल कळत नाही. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी तिरकी असेल, तर ताऱ्याचा खरा वेग मोजलेल्या वेगापेक्षा जास्त असतो आणि ग्रहही त्या प्रमाणात जड असतो. ही शंका पुस्तकी नाही. १९८९ मध्ये एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती गुरूच्या किमान ११ पट वस्तुमानाचा सोबती सापडला होता. पुढे गाया या अवकाश दुर्बिणीने ताऱ्याची आडवी डोलणी मोजल्यावर कळले की आपण ती कक्षा जवळपास वरून पाहत होतो, आणि तो सोबती ग्रह नसून अगदी लहान तारा आहे.

५१ पेगासीवरही शंका घेतल्या गेल्या. मायोर आणि केलोझ यांच्या घोषणेनंतर अमेरिकेत जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी लिक वेधशाळेतून अल्पावधीत तोच ४.२३ दिवसांचा चढउतार पडताळला. तरी १९९७ मध्ये कॅनडाचे डेव्हिड ग्रे यांनी असे मांडले की वर्णरेषांचा आकारच बदलताना दिसतो, म्हणजे तारा हलत नसून त्याचा पृष्ठभाग स्पंदन पावत असावा, आणि ग्रह मानण्याचे कारण उरत नाही. आक्षेप गंभीर होता. ग्रे यांनी स्वतःच अधिक निरीक्षणे घेतली, त्यांत रेषांच्या आकारातला तो बदल सापडला नाही, आणि १९९८ मध्ये त्यांनीच तसे जाहीर केले. गावातील गृहस्थांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण त्यांची शंका आणि ग्रे यांची शंका एकाच जातीची आहे. फरक इतकाच की ग्रे यांनी ती दुर्बिणीपुढे नेली.

आता आकाराकडे येऊ. ग्रहाची कक्षा योगायोगाने आपल्या दृष्टिरेषेत असेल, तर प्रत्येक फेरीत ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जातो आणि ताऱ्याचा थोडा प्रकाश अडतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण २०१२ मध्ये आपल्याकडेही अनेकांनी पाहिले आहे. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही, तो बिंदूच राहतो, पण त्याचे एकूण तेज किती घटले ते मोजता येते. गुरूचा व्यास सूर्याच्या एक-दशांश आहे, म्हणून त्याने झाकलेले क्षेत्रफळ शंभरावा भाग, म्हणजे एक टक्का भरेल. ताऱ्याला अगदी चिकटून फिरणाऱ्या ग्रहाचे असे अधिक्रमण आपल्याला दिसण्याची शक्यता दहात एक असते, आणि गुरूइतक्या दूरच्या ग्रहाचे हजारात एकाहूनही कमी. ५१ पेगासीच्या नशिबी हा योग नाही; तेथे अधिक्रमण होत नाही.

५१ पेगासी ज्यात आहे त्याच महाश्व (पेगासस) तारकासमूहातील एचडी २०९४५८ या ताऱ्यावर मात्र ते होते. हा तारा सूर्याहून थोडा मोठा, थोडा अधिक तप्त आणि सुमारे १५७ प्रकाशवर्षे दूर आहे. वर्णपटावरून त्याच्या ग्रहाचा ३.५२ दिवसांचा काळ आधी कळला होता, त्यामुळे अधिक्रमण झालेच तर ते कधी व्हावे हेही आधीच सांगता येत होते. सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या त्याच वेळी ताऱ्याचे तेज सुमारे दीड टक्क्याने घटताना आणि सुमारे तीन तासांनी पूर्ववत होताना नोंदवले. ग्रेग हेन्री यांच्या गटाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्रपणे तेच पाहिले. शार्बोनो यांच्या गटाने यासाठी वापरलेल्या दुर्बिणीचे मुख शंभर मिलिमीटरच्या आसपास होते, म्हणजे चार इंच. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत याहून मोठ्या दुर्बिणी कापडात गुंडाळून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते पाहून मला दर वेळी हळहळ वाटते.

दीड टक्का म्हणजे ०.०१५, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.१२. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या ०.१२ पट, तारा सूर्याच्या १.२ पट, आणि सूर्य गुरूच्या सुमारे दहापट. म्हणजे ग्रह गुरूच्या साधारण १.४ पट रुंद आहे. अधिक्रमण होते याचाच अर्थ कक्षा दृष्टिरेषेत आहे, त्यामुळे येथे वस्तुमानही किमान राहत नाही, खरे कळते. ते गुरूच्या सुमारे ०.७ पट आहे. या दोन आकड्यांवरून घनता काढली तर ती पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश येते. खडकाचा गोळा इतका हलका असू शकत नाही, आणि म्हणून हा ग्रह मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांचा आहे असे ठामपणे म्हणता येते. पुढे २००२ मध्ये हबल दुर्बिणीने अधिक्रमणाच्या वेळी त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशात सोडियमची खूण ओळखली.

दोन्ही मोजमापे एकमेकांना का लागतात, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. केवळ अधिक्रमणावरून ग्रह ठरवणे धोक्याचे आहे, कारण गुरू, त्याच्या पन्नासपट जड असलेला तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा होऊ न शकलेला गोल) आणि अगदी लहान लाल तारा या तिघांचे व्यास जवळपास सारखे असतात. तिघेही सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेले तर तेज साधारण एक टक्काच घटेल. मागे दूरवर असलेली एखादी एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या ताऱ्यांची जोडी आपल्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळली तरी असाच आलेख मिळू शकतो. वर्णपटातून वस्तुमान कळेपर्यंत म्हणूनच आम्ही अशा तेजघटीला ग्रह म्हणत नाही, उमेदवार म्हणतो. भारतात हे वस्तुमान मोजण्याचे काम अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या माउंट अबू येथील गुरुशिखर वेधशाळेत होते. तेथील १.२ मीटरच्या दुर्बिणीला जोडलेला पारस हा वर्णपटमापी निर्वात कक्षात, तापमान काटेकोरपणे स्थिर राखून चालवला जातो. टेस या अवकाश दुर्बिणीला आढळलेल्या टीओआय १७८९ या ताऱ्याच्या उमेदवाराचे वस्तुमान पारसने मोजले, आणि २०२१ मध्ये तो गुरूच्या ०.७ पट वस्तुमानाचा, १.४ पट त्रिज्येचा, ३.२ दिवसांत फेरी घालणारा ग्रह असल्याचे निश्चित झाले. मुलांना आवडेल अशी आणखी एक माहिती: एचडी ८६०८१ या ताऱ्याला आणि त्याच्या महाकाय ग्रहाला नावे देण्याचा मान २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने भारताला दिला. तारा आता ‘बिभा’ म्हणून ओळखला जातो, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या नावावरून, आणि ग्रहाचे नाव ‘संतमस’ आहे.

एवढा मोठा वायुग्रह ताऱ्याच्या इतका जवळ कसा, हा प्रश्न वर्गात निघेलच. तो तेथे जन्मला असण्याची शक्यता कमी मानली जाते. ताऱ्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकत नाही, आणि गुरूसारखा ग्रह वाढण्यासाठी पृथ्वीच्या सुमारे दहापट जड असा गाभा लवकर तयार व्हावा लागतो; बर्फ आणि धूळ मिळून तो दूरच्या थंड भागात सहज तयार होतो. तेव्हा ग्रह दूर जन्मला आणि आत आला, असे मानावे लागते. जन्मकाळच्या वायूच्या तबकडीने त्याला हळूहळू आत ओढले असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या ग्रहाच्या ओढीने त्याची कक्षा लांबुळकी होऊन तो ताऱ्याच्या अगदी जवळून जाऊ लागला आणि भरती-ओहोटीच्या बलांनी ती कक्षा पुढे वर्तुळाकार झाली असेल. वॅस्प १७ सारख्या काही ताऱ्यांचे ग्रह ताऱ्याच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतात; शांतपणे आत सरकलेल्या ग्रहाकडून असे अपेक्षित नसते, म्हणून निदान काही ग्रहांसाठी दुसरी वाट मला अधिक पटते. असे तप्त गुरू शंभर सूर्यसदृश ताऱ्यांत जेमतेम एखाद्याभोवती आढळतात. सुरुवातीला तेच भराभर सापडले, कारण त्यांचा फेरा आठवड्याच्या आत पूर्ण होतो आणि ताऱ्याला मिळणारा हेलकावाही मोठा असतो. ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ मध्येच असे जवळचे महाकाय ग्रह वर्णपटावरून शोधावेत असे सुचवले होते; पण आपल्या सूर्यमालेत तसा ग्रह नाही, म्हणून बहुतेकांनी दीर्घ काळ बारा-बारा वर्षांचे फेरे शोधण्यातच लक्ष घातले.

ग्रहाचे थेट छायाचित्र कोणी घेतले आहे का, असे मुलांनी विचारल्यास ‘हो, काहींचे’ असे उत्तर द्यावे. वर सांगितलेल्या ५१ पेगासीच्या जवळच, चौकोनाच्या त्याच बाजूला, एचआर ८७९९ हा तारा आहे. त्याच्या तीन ग्रहांची छायाचित्रे २००८ मध्ये जाहीर झाली आणि चौथा २०१० मध्ये सापडला. सूर्यासारख्याच, पण अगदी तरुण अशा एका ताऱ्याभोवतीचे दोन महाकाय ग्रह २०२० मध्ये चिलीमधील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टिपले. हे सारे ग्रह ताऱ्यापासून फार दूर आहेत आणि जन्माच्या उष्णतेने अजून अवरक्त प्रकाशात उजळलेले आहेत. आपला गुरू मात्र दृश्य प्रकाशात सूर्याच्या साधारण शंभर कोटींव्या भागाएवढाच तेजस्वी आहे, त्यामुळे तशा थंड, जुन्या ग्रहाचे चित्र घेणे अजून फार अवघड आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुर्बीण मिळण्याआधी मुलांकडून अल्गोलचे निरीक्षण करून घ्यावे. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २.८७ दिवसांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो, म्हणजे त्याचे तेज एक-तृतीयांशापेक्षाही कमी होते, आणि काही तासांत तो पुन्हा उजळतो. येथे झाकणारा सोबती ग्रह नसून दुसरा, मंद तारा आहे. पण न दिसणाऱ्या वस्तूची वेळ आधी सांगायची आणि मग ती पडताळायची, ही रीत अगदी तीच आहे. जॉन गुडरिक या तरुणाने १७८३ मध्ये नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणांवरूनच हा तर्क मांडला होता. ययातीतील मिरफाक आणि देवयानीतील अलमाक या ताऱ्यांशी तुलना करून दर अर्ध्या तासाला वहीत नोंद करावी. याला एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर एचडी २०९४५८. हा ७.६ प्रतीचा तारा डोळ्यांना दिसत नाही, पण आपल्या अक्षांशावर तो खस्वस्तिकाच्या, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या, अगदी जवळून जातो, त्यामुळे त्याचा प्रकाश वातावरणाच्या सर्वांत पातळ थरातून येतो. हा लाभ युरोपातल्या निरीक्षकाला मिळत नाही. आठ इंची दुर्बीण, ताऱ्यामागे आपोआप फिरणारी विषुववृत्तीय बैठक आणि एखादा एकरंगी कॅमेरा असला की पुरे. डीएसएलआर असेल तर फक्त हिरव्या रंगाचे आकडे घ्यावेत. प्रतिमा मुद्दाम थोडी धूसर करावी, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश अनेक चित्रबिंदूंवर पसरतो आणि एखादा चित्रबिंदू भरून वाहत नाही. त्याच चौकटीत जवळपास तेवढ्याच तेजाचे दोन-तीन तुलना तारे असलेच पाहिजेत, कारण आपण ताऱ्याचे तेज मोजत नाही, त्याचे शेजाऱ्यांशी असलेले गुणोत्तर मोजतो. पातळ ढग आला किंवा धूर आला तर सारेच तारे सारखे मंदावतात आणि गुणोत्तर टिकते. दहा-पंधरा सेकंदांची शेकडो चित्रे, अधिक्रमणाच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत, म्हणजे सलग पाच तास घ्यावी लागतात. ही आधीची आणि नंतरची निरीक्षणे कधीही गाळू नयेत. तेज कशाच्या मानाने घटले हे त्यांच्याशिवाय कळत नाही. चित्रांतून आकडे काढण्यासाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

आपल्या भागातल्या अडचणी वेगळ्या आहेत. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या हडंब्याची (मळणीयंत्राची) धूळ आणि दिवाळीत फटाक्यांचा धूर असतो, म्हणून मी नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य हा काळ पसंत करतो. त्यानंतर हा तारा संध्याकाळीच पश्चिमेकडे कलतो. या दिवसांत रात्री दहानंतर दव पडते आणि दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर ते साचले की आलेख खाली घसरू लागतो. तो उतार नवख्याला अधिक्रमणच वाटतो. काचेपुढे काळ्या फोमची लांब नळी बसवावी आणि दर अर्ध्या तासाने काच तपासावी. कृषिपंपांना रात्रपाळीची वीज असते त्या आठवड्यात मोटारी सुरू होताना दाब खाली-वर होतो, तेव्हा बैठक आणि कॅमेरा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवावा. तूर-हरभऱ्याच्या जागलीवर असलेल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, कारण रानडुकरांवर मारलेला एक बॅटरीचा झोत काही चित्रे वाया घालवतो; आमच्याकडची मंडळी सांगितल्यावर आनंदाने सहकार्य करतात, आणि बरेचदा पाहायलाही येतात.

घड्याळ मोबाइलच्या नेटवर्कशी जुळवलेले असावे. वर्षभरातल्या निरीक्षणांची तुलना करायची असेल तर पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्याप्रमाणे या ताऱ्याचा प्रकाश सात मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो, हा हिशेबही सॉफ्टवेअरमध्ये निवडावा. हवेच्या थरथरीमुळे प्रत्येक चित्रातला आकडा इकडेतिकडे विखुरलेला दिसेल, पण पाच-पाच मिनिटांची सरासरी काढली की दीड टक्क्याची पायरी स्पष्ट उमटते. नासाच्या एक्झोप्लॅनेट वॉच या उपक्रमात असा आलेख स्वीकारला जातो, आणि मोठ्या दुर्बिणींना अधिक्रमणाची नेमकी वेळ ठरवताना त्याचा खरोखर उपयोग होतो.

वेळापत्रकाचे गणित मुलांनी स्वतः करावे. प्रदक्षिणाकाळ ३.५२४७ दिवस आहे. दोन फेऱ्या म्हणजे ७.०४९५ दिवस. त्यामुळे एखाद्या शनिवारी रात्री अधिक्रमण मिळाले, तर मधले एक दिवसाउजेडी निघून जाते आणि त्यापुढचे पुन्हा शनिवारीच, एक तास अकरा मिनिटे उशिरा येते. पहिल्या रात्रीचा आलेख मिळाल्यावर पुढच्या शनिवारची सुरुवातीची आणि शेवटची वेळ मुलांनी आधीच फळ्यावर लिहून ठेवावी, आणि त्या रात्रीसाठी गावातील त्या गृहस्थांना सन्मानाने बोलवावे. वेळ जुळली नाही तर आधी दव, मग घड्याळ, मग तुलना तारे, या क्रमाने तपासावे. तिन्ही ठीक असतील तर निरीक्षण जसेच्या तसे मला पाठवावे, आपण ते मिळून पाहू.